कातडं दिसल्याशिवाय

(अमेरिकन फुटबॉलचा सामना. स्टेडियमच्या अगदी वरची रिप्लेची खोली, जिथे खेळीचं चित्रण पुन्हा बघून निर्णय तपासतात. नोव्हेंबरातला शनिवार, दुपार कलती. पडद्यांपुढे लेनोर, शेजारी ओटिस, जुना पंच. मुख्य पंच हॅलस्टेड खाली मैदानावर आहे. त्याचा आवाज हेडसेटमधून खोलीत दोघांनाही ऐकू येतो. लेनोरने बटण दाबून धरलं तरच तिचा आवाज त्याच्याकडे जातो, आणि बटण दाबलेलं असेल तेवढंच, दोन्ही बाजूंचं, टेपवर चढतं.)

ओटिस : आता आणखी कितीदा बघणार? माणसांचा ढीग पडला, शिट्टी वाजली, आणि मग तो बावीस नंबरचा पोरगा ढिगाच्या पलीकडून चेंडू घेऊन उभाच्या उभा निघाला आणि पळत सुटला. शिट्टीनंतर चंद्रावर जरी गेला तरी टचडाउन नाही. संपलं.

लेनोर : त्याचा गुडघा टेकलाच नव्हता, काका. खेळी संपलीच नव्हती.

ओटिस : नव्हता. मी कुठे म्हणतो टेकला? पण चुकून वाजलेली शिट्टीसुद्धा शिट्टीच. खालून दोनच गोष्टी विचारल्यात. शिट्टी वाजली तेव्हा चेंडू कुठे होता, आणि घड्याळात किती उरलं होतं. सांग आणि मोकळी हो. तुझ्या वाटीतला चिलीचा रस्सा निवलाय. रोल तर त्यात बुडवलासुद्धा नाहीस.

लेनोर : कुणाची शिट्टी?

ओटिस : ते नाही विचारलेलं.

लेनोर : खाली आठ पंच आहेत, आठ शिट्ट्या. कुणाची ते कळलं तर त्याचं तोंड दाखवणारा कॅमेरा लावता येईल. गाल फुगले तो क्षण पकडायचा आणि तेव्हा चेंडू कुठे होता ते बघायचं. या आरड्याओरड्यात नुसत्या आवाजावरून काय कळणार?

ओटिस : लेनी...

लेनोर : लेनी फक्त बाबा म्हणायचे.

ओटिस : बरं बाई. लेनोर. तुझ्या बापाबरोबर पंचांच्या एका पथकात मी अर्धं आयुष्य काढलं. आठवडाभर बियाणं विकायचं आणि शनिवारी पंचांचा पट्ट्यांचा सदरा चढवायचा. मला माणसं कळतात. या मोसमात तू चेंडूकडे बघतच नाहीयेस.

लेनोर : चेंडूकडेही बघते.

ओटिस : आणि हॅलस्टेडच्या तोंडाकडे.

लेनोर : मुख्य पंच आहे. आठांत एकट्याच्याच डोक्यावर पांढरी टोपी. नजर जातेच.

ओटिस : मला शिकवू नकोस. ऑगस्टात बापाला माती दिलीस आणि सप्टेंबरात याच पथकाच्या सामन्यांसाठी ही वरची खोली मागून घेतलीस. मला वाटलं, बापाच्या माणसांत राहायचं असेल पोरीला. दुःखात माणूस असं करतो. मी मूर्ख.

लेनोर : खाली बघा. कुसेकला बाटल्या मारताहेत.

ओटिस : मारणारच. रेषापंच आहे, गर्दीच्या सगळ्यात जवळचा तो. ढीगही त्याच्याच समोर पडला. लोकांना वाटलं त्याचीच शिट्टी.

लेनोर : वाटलं की वाटू दिलं?

ओटिस : आता त्यात हॅलस्टेडचा काय दोष?

लेनोर : दोन पावलं टाकून कुसेकशेजारी जाऊन उभा राहिला असता तरी पुरलं असतं. सगळं पथक मधोमध गोल करून उभं आहे आणि कुसेक तिकडे एकटा, अंतर मोजणाऱ्या साखळीवाल्यांबरोबर. बघा, साखळीवाल्यांनीही पाठ फिरवली.

ओटिस : ते इथल्याच गावचे. आपल्या पोरांचं टचडाउन गेलं म्हटल्यावर साखळी धरणारासुद्धा आधी गावाचा असतो.

लेनोर : बाबांवर अशीच वेळ आली तेव्हा साखळीवाल्यांनी साखळी जमिनीवर टाकली होती.

ओटिस : माहिती आहे. मी तिथेच होतो.

लेनोर : हो. तुम्ही तिथेच होतात.

हॅलस्टेड : खोली, हॅलस्टेड बोलतोय. काय झालं? दोन्ही प्रशिक्षक माझं डोकं खाताहेत.

लेनोर : बघतेय. शिट्टी नेमकी कधी वाजली ते ठरवायचंय. त्यासाठी कुणाची ते कळायला हवं. कुणाची होती?

हॅलस्टेड : हे कशाला लागतं?

लेनोर : कॅमेरा निवडायला.

हॅलस्टेड : रेषेवरून आली. कुसेकची.

लेनोर : तुम्ही ऐकलीत?

हॅलस्टेड : ऐकली.

लेनोर : कुसेकनं स्वतः सांगितलं?

हॅलस्टेड : रेषेवरून आली म्हटलं ना. चेंडूची जागा सांग, मी जाहीर करतो.

लेनोर : थांबा. बघते.

ओटिस : सोड. बटण सोड आधी. सोडलंस? आता बोल. तू त्याला असं का विचारलंस?

लेनोर : कॅमेरा निवडायला.

ओटिस : माझ्यापुढे नको. तुझ्या डाव्या पडद्यावर हॅलस्टेडचं थोबाड केव्हापासून गोठवून ठेवलंयस. शिट्टी तोंडात, गाल पावासारखे फुगलेले. तुला आधीच माहीत होतं.

लेनोर : होतं.

ओटिस : आणि तरी विचारलंस. टेपवर.

लेनोर : त्यानं खरं सांगायला कुणाची आडकाठी होती का?

ओटिस : देवा रे.

लेनोर : तुम्हाला आठवतंय, बाबा शिट्टी कशी ठेवायचे?

ओटिस : बोटात. चामड्याच्या कडीत. तोंडात कधीच नाही.

लेनोर : मी हायस्कूलच्या मैदानावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या गळ्यातली दोरी त्यांनी कात्रीनं कापून टाकली. म्हणाले, बोटात धर. हात तोंडापर्यंत जाईस्तोवर एक श्वास जातो, आणि त्या श्वासात माणूस बघतो. कातडं दिसल्याशिवाय शिट्टी नाही. चेंडूचं कातडं डोळ्यांना दिसलं पाहिजे, नुसता ढीग नाही.

ओटिस : पंचांच्या पोराला बोलता यायच्या आधी ते शिकवतात. तुझा बाप तर जेवताना म्हणायचा. गव्हाच्या पावात लोणी आहे की नाही, आधी कातडं दिसू दे म्हणायचा.

लेनोर : आणि हॅलस्टेड थंडीत तोंडात धरतो. धातूची गार शिट्टी ओठांना चिकटते म्हणून आधीपासूनच धरून ठेवतो. सगळ्या पथकाला माहीत होतं. त्यावर तुम्ही विनोद करायचात. आमच्याच स्वयंपाकघरात केलेत, आठवतंय का? याची बायको म्हणे शिट्टीसकट मुका घेते.

ओटिस : केले असतील.

लेनोर : मग बाबांच्या त्या सामन्यात, असाच ढीग, असाच पोरगा पलीकडून निघाला, तेव्हा शिट्टी कुणाची होती, काका?

ओटिस : मी पाठमोरा होतो.

लेनोर : तुम्ही मधले पंच होतात, आणि मधला पंच कधीच पाठमोरा नसतो. तो बचाव करणाऱ्यांच्या मागे उभा राहतो, पांढऱ्या टोपीकडे तोंड करून. तुमच्या आणि त्याच्या मध्ये फक्त तो ढीग होता. असू दे. तुम्हाला नाही विचारणार. बाबांनीही कधी विचारलं नाही.

ओटिस : पथकाची रीत होती ती, पोरी. चूक पथकाची असते, माणसाची नसते. आत कपड्यांच्या खोलीत काय ते आपसांत. बाहेर कुणाचं नाव घ्यायचं नाही, अगदी जीव गेला तरी.

लेनोर : बाबांनी पाळली. जीव जाईपर्यंत पाळली. आईलासुद्धा नाही सांगितलं. रीत मोडली ती यानं. सामना संपल्यावर वार्ताहर दाराशी आला, तेव्हा पांढरी टोपी काखेत धरून शांतपणे म्हणाला, शिट्टी रेषापंचाची, मिस्टर एल्डन व्हर्बिक यांची. 'मिस्टर'सुद्धा विसरला नाही.

ओटिस : मला वाटलं होतं, एका आठवड्यात लोक विसरतील.

लेनोर : बाबा भूमिती शिकवायचे. फळ्याकडे तोंड वळवलं की वर्गात शिट्टी वाजायची. ते वळून बघायचे नाहीत. वर्तुळ पुरं करायचे. मी त्याच शाळेत होते, शेजारच्या वर्गात. मला भिंतीतून ऐकू यायचं.

ओटिस : हे नव्हतं माहीत.

लेनोर : त्या सामन्याची प्रत्येक फीत मी बघितलीय. टीव्हीची, शाळांची, गर्दीतल्या लोकांची. सगळ्यांत ढीग आहे, पोरगा आहे. पांढरी टोपी चौकटीच्या बाहेर. एका फितीत त्याचा एक बूट दिसतो. बस. तेव्हा मला कळलं की जुनं काही सापडणार नाही. पुन्हा व्हायला हवं. आणि सवय सुटत नाही माणसाची. मी या खोलीत त्यासाठी आले.

ओटिस : म्हणजे या फिती बापाच्या मरणाच्याही आधीपासून बघत होतीस?

लेनोर : आधी नुसतं समजून घ्यायचं होतं. चर्चनंतर बदललं.

ओटिस : चर्चमध्ये काय झालं? सगळे पट्ट्यांचे सदरे घालून आलो होतो आम्ही. छान झालं सगळं. हॅलस्टेड तर इतकं सुंदर बोलला...

लेनोर : काय बोलला?

ओटिस : चांगलंच बोलला तुझ्या बापाबद्दल.

लेनोर : म्हणाला, एल्डनच्या हातून एक चूक झाली. कुणाच्या हातून होत नाही? पण ती त्यानं मर्दासारखी सोसली, आणि आम्ही, त्याच्या पथकानं, त्याला केव्हाच क्षमा केलीय. शवपेटीवर हात ठेवून म्हणाला. स्वतःच्या शिट्टीची माझ्या मेलेल्या बापाला क्षमा केली त्यानं. लोकांनी डोळे पुसले. मग खाली तळघरात जेवण होतं, आणि आईनं त्याच्यासाठी स्वतः ताट वाढलं. हॅम, बटाटे. त्याचा हात धरून म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू. बटाटे आणखी घ्या म्हणाली, आणि त्यानं घेतले.

ओटिस : ...घेतले. मी शेजारीच होतो.

लेनोर : तुम्ही नेहमीच शेजारी असता.

ओटिस : बोल. ते मला लागायलाच हवं.

हॅलस्टेड : खोली? टीव्हीवाले वाट बघताहेत. लेनोर, एवढा वेळ लागावा असं यात काही नाही.

लेनोर : एक क्षण.

ओटिस : ऐक माझं. तुझ्याकडे त्याचा खोटेपणा टेपवर आहे, चेहरा पडद्यावर आहे. सोमवारी पंचमंडळाच्या कचेरीत दोन्ही पोचतील. संपला तो. आता जागा सांग आणि सोड.

लेनोर : सोडणारच आहे. त्याला जाहीर करू दे. नुसतं चुकून वाजलेली शिट्टी म्हणून. मग सामना संपू दे. मग वार्ताहर दाराशी येऊ दे. त्यालाही सांगू दे, शिट्टी मिस्टर कुसेक यांची. जगासमोर. जितकं बोलेल तितकं चांगलं. मग सोमवारी मी माझी ही गोठवलेली चौकट पाठवते. मला तो नुसता चुकलेला नकोय, काका. मला तो खोटा ठरलेला हवाय, ज्यांच्यासमोर त्यानं बाबांचं नाव घेतलं त्यांच्याच समोर.

ओटिस : आणि सोमवारपर्यंत कुसेक?

लेनोर : दोन दिवस.

ओटिस : टपाल वाटतो तो. या गावापासून तासाभरावर. रविवारी घरात बसेल, सोमवारी दारोदार जाईल.

लेनोर : सोमवारी खरं बाहेर येईल.

ओटिस : खरं टपालासारखं दारोदार जात नाही, बाई. शिव्या जातात. तुझ्या बापाबद्दलचं खरं तुझ्याशिवाय अजून कुणापर्यंत पोचलेलं नाही. बघ त्याच्याकडे. काय करतोय?

लेनोर : बाटल्या उचलून रेषेबाहेर ठेवतोय. खेळणाऱ्यांच्या पायात येऊ नयेत म्हणून. ओळीत.

ओटिस : आणि?

लेनोर : आणि परत जागेवर जाऊन उभा राहिला.

ओटिस : पोरं आहेत त्याला. शाळेत जाणारी.

लेनोर : मला माहीत आहे. गप्प बसा जरा.

ओटिस : बसलो.

(लेनोर बटण दाबते.)

लेनोर : हॅलस्टेड साहेब, खोली बोलतेय. कुसेकच्या कॅमेऱ्यात शिट्टी सापडत नाही. त्याची शिट्टी हातात आहे आणि तोंड मिटलेलं आहे. ढीग पडल्यापासून पोरगा निघेपर्यंत.

हॅलस्टेड : मग मागून आली असेल. मागच्या पंचाची.

लेनोर : त्याचंही बघितलं. तो धावतोय. तोंड रिकामं.

हॅलस्टेड : अगं, मग गर्दीतून कुणीतरी...

लेनोर : पलीकडच्या गोलपोस्टमागचा कॅमेरा आहे. तो सरळ तुमच्या तोंडावर आहे. गाल फुगलेले आहेत. चेंडू तेव्हा चव्वेचाळीस यार्डांच्या रेषेवर, ढिगाच्या आत. तुम्हाला कातडं दिसणं शक्यच नव्हतं.

हॅलस्टेड : ...टेप चालू आहे?

लेनोर : मी बोलते तेव्हा असते.

हॅलस्टेड : पोरी, हे कशाबद्दल आहे ते मला कळतं.

लेनोर : चेंडूबद्दल आहे.

हॅलस्टेड : तुझे वडील मोठे पंच होते. त्यांनी तुला पथकाची रीत शिकवली असेल. चूक पथकाची. मी बाहेर जाऊन नुसतं सांगतो की चुकून शिट्टी वाजली. कुणाचंही नाव नाही. कुसेकचंही नाही. शब्द देतो.

लेनोर : कुसेकवर बाटल्या पडताहेत. तुम्ही नाव घेतलं नाहीत तर लोक त्याचंच घेतील. नाव घ्यायलाच हवं, हॅलस्टेड साहेब. आज खरं नाव जाहीर झाल्याशिवाय कुसेक मैदानाच्या बोगद्यातून धड बाहेर जात नाही.

हॅलस्टेड : कुठल्याही पांढऱ्या टोपीनं असं माइकवरून सांगितलेलं नाही आजवर. स्वतःचं नाव.

लेनोर : दुसऱ्याचं सांगितलंय.

हॅलस्टेड : माझा शेवटचा मोसम आहे हा. नववर्षाचा मोठा सामना मला जवळजवळ मिळालाय.

लेनोर : बाबांनाही मिळाला होता. आईनं त्यासाठी नवा कोट शिवला होता.

हॅलस्टेड : नाही सांगितलं तर?

लेनोर : तर काही नाही. मी जागा सांगेन, वेळ सांगेन. मला तेवढाच अधिकार आहे. तुम्ही पहिल्यांदा विचारल्यावर काय उत्तर दिलंत ते टेपवर आहे. मला विचाराल तर मला तुम्ही नाही सांगितलेलंच जास्त आवडेल. मी तर गप्पच बसणार होते. कुसेकमुळे बोलले.

हॅलस्टेड : ओटिस आहे का तिथे? ओटिस, तू सांग हिला. तू तिथे होतास. सांग तिला, त्या दिवशी...

ओटिस : मला दे ते हेडसेट. ड्युएन हॅलस्टेड? मी आहे. मी सांगतो काय करायचं ते. माइक सुरू कर आणि सांग. आणि त्या दिवसाबद्दल मला साक्षीला बोलावू नकोस. मी आलो तर तुला परवडणार नाही. घे तुझं हेडसेट, लेनोर. अशी काय बघतेस? उशीर झालाय ते कळतं मला.

लेनोर : ऐका. माइक लावला त्यानं.

हॅलस्टेड : (भोंग्यांतून, साऱ्या मैदानाला) खेळी चालू असताना चुकून शिट्टी वाजली. चेंडू तेव्हा चव्वेचाळीसच्या रेषेवर होता. शिट्टी... शिट्टी मुख्य पंचाची. रेषापंचाची नव्हे. यजमान संघाला हवं असेल तर खेळी पुन्हा होईल.

ओटिस : आई गं. काचा थरथरताहेत.

लेनोर : ओरडू दे.

ओटिस : सत्तर हजार माणसं. मी असा आवाज आयुष्यात एकदाच ऐकला होता.

लेनोर : मीही. मी गॅलरीत होते, आईच्या मांडीवर टोपी ठेवून. बाबांची जादाची टोपी.

ओटिस : कुसेककडे बघ. साखळीवाला काहीतरी बोलला त्याच्याशी. पाठीवर थाप मारतोय मेला. एवढ्यात गाव बदललं बघ.

हॅलस्टेड : लेनोर. झालं समाधान?

लेनोर : घड्याळ चौतीस सेकंदांवर लावून घ्या. चेंडू चव्वेचाळीस.

हॅलस्टेड : थांब. बटण सोडू नकोस. टेपवर जाऊ दे, हरकत नाही. मला बोलायचंय. एल्डनची ती शिट्टी... इतकी वर्षं मी रोज... ती...

लेनोर : खेळ थांबलाय, साहेब.

हॅलस्टेड : एवढं बोलू दे मला. माझ्या गळ्यात अडकलंय ते. तुला ऐकायला आवडेल.

लेनोर : चर्चमध्ये बोललात तेवढं पुरे. खोली बंद.

ओटिस : बोलू द्यायचं होतंस. हेच तर हवं होतं ना तुला? त्याच्या तोंडून, टेपवर?

लेनोर : हवं होतं.

ओटिस : मग?

लेनोर : बोलला असता तर हलका झाला असता. राहू दे गळ्यात. बाबांच्या गळ्यात शेवटपर्यंत राहिलं.

ओटिस : फार कडक आहेस.

लेनोर : आईला मात्र आज सांगेन. सगळं. तुम्ही बरोबर याल.

ओटिस : मी?

लेनोर : तिला सांगायचंय की तुम्हाला दिसलं होतं. ते मी कसं सांगू?

ओटिस : येतो. ...ती मला ताट नाही वाढणार.

लेनोर : नाही वाढणार.

ओटिस : चल, खेळी लागतेय. कुसेक जागेवर. साखळी जागेवर. आणि तो बघ, पांढरी टोपी. मोठा कर जरा तो पडदा. शिट्टी तोंडात नाहीये त्याच्या.

लेनोर : दिसतंय.

ओटिस : हातात धरलीय. बोटांत. अगदी एल्डन धरायचा तशी.

लेनोर : नाही, काका. बाबा सैल धरायचे.